गिटारीच्या खुंट्या : बदलाव्या कधी आणि घ्याव्या कोणत्या?

प्रस्तुत लेखाचा विषय काही वाचकांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु उपासनेत पेटीच्या शेजारी गिटार वाजते, तेथे बसणाऱ्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. पेटीचे सूर तिच्या रीडांमध्ये ठरलेले असतात. गाणाऱ्याने काळी दोन धरली की ती शेवटच्या कडव्यापर्यंत काळी दोनच राहते. गिटारीचे तसे नाही. ती सहा तारांच्या ताणावर उभी असते. पहिल्या गीतात दोन्ही वाद्ये जुळलेली असतात, तिसऱ्या गीतापर्यंत गिटारीचा सूर किंचित उतरतो आणि मंडळीचा आवाज दुभंगतो. काही जण पेटीकडे ओढले जातात, काही गिटारीकडे. वादक बिचारा दोन कडव्यांच्या मध्ये खुंट्या पिळीत राहतो. मग उपासना संपल्यावर कोणीतरी निकाल देतो की, खुंट्या गेल्या, नव्या आणा.

हा निकाल बरोबर आहे की नाही, आणि बरोबर असल्यास मंडळीच्या तुटपुंज्या पैशांत कोणत्या खुंट्या आणाव्या, एवढ्याच प्रश्नाचा अभ्यास येथे करावयाचा आहे. आम्ही तो बंगळुरूत बसून करीत आहो, त्यालाही कारण आहे. नोकरी-शिक्षणासाठी येथे आलेल्या मराठी कुटुंबांच्या घरगुती प्रार्थनासभांत पेटी-तबल्याची जोड दर वेळी जमत नाही. दुचाकीवर पाठीला अडकवून नेता येते ती गिटार. शिवाय १८०९ साली येथे इंग्रजांची लष्करी छावणी वसली तेव्हापासून पाश्चात्त्य वाद्यांशी या शहराचा संबंध जडला, आणि आज गिटारीचे सुटे भाग व ते बसवणारे कारागीर दोन्ही येथे मिळतात. तथापि जे पुढे सांगितले आहे ते अहमदनगर, वसई, नागपूर किंवा बेळगाव येथील वाचकांनाही तितकेच लागू आहे.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. दुकानात या वस्तूला कोणी ‘की’ म्हणतो, कोणी ‘चाव्या’, कोणी ‘मशीनहेड’, कोणी ‘ट्यूनर’. यांतील शेवटचा शब्द फसवा आहे, कारण सूर तपासणाऱ्या छोट्या यंत्रालाही ट्यूनरच म्हणतात. आम्ही आपला सतार-तंबोऱ्याचा जुना शब्द ‘खुंटी’ वापरू. मात्र तंबोऱ्याची खुंटी आणि गिटारीची खुंटी यांत मूलभूत फरक आहे. तंबोऱ्याची लाकडी खुंटी केवळ घर्षणाने जागी राहते. घसरू लागली तर तिला खडू लावतात. पूर्वी गिटारीलाही अशाच लाकडी खुंट्या असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नाचा वाद्यकार योहान गेओर्ग श्टाउफर याने आपल्या गिटारींना दातेरी यंत्राच्या खुंट्या बसवल्या. त्याच्याकडे काम शिकलेला सी. एफ. मार्टिन १८३३ मध्ये अमेरिकेस गेला व त्याने काढलेला कारखाना आजही गिटारी बनवीत आहे.

या यंत्राची रचना साधी आहे. आपण बोटांनी फिरवतो तो ‘कान’. कानाच्या दांडीवर मळसूत्राचे आटे कोरलेले असतात. ते आटे एका छोट्या दातेरी चक्राला फिरवतात. आणि त्या चक्राला जोडलेल्या दांड्यावर तार गुंडाळली जाते. बंगळुरूत १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली, आणि यंत्रकामाची परंपरा येथे अशी रुजली आहे की पीण्या औद्योगिक वसाहतीतील कोणताही कामगार ही जोडी पाहताच ‘वर्म गिअर’ म्हणून ओळखील. तिचा एक विशेष गुण आहे. मळसूत्र चक्राला फिरवते, परंतु चक्र मळसूत्राला उलटे फिरवू शकत नाही. म्हणून तार कितीही ओढत असली तरी कान आपोआप मागे फिरत नाही. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा एकत्रित ताण साधारण सत्तर किलो असतो. नायलॉनच्या तारांचा सुमारे चाळीस. हा सारा भार वर्षानुवर्षे ते इवलेसे दाते पेलतात.

यावरून निघणारे अनुमान महत्त्वाचे आहे. खुंटीचे दाते शाबूत असतील आणि ती माथ्यावर घट्ट बसलेली असेल, तर सूर उतरण्याचा दोष बहुधा तिचा नसतो! आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करतात. गिटारीच्या बाबतीत पैसे काढण्यापूर्वी खुंटी हलवून पाहावी.

ती कशी पाहावी? पहिली शंका तारांवर घ्यावी. गंजलेल्या, काळवंडलेल्या, वर्षभर न बदललेल्या तारा सुरात राहत नाहीत. आणि नव्या तारा बसवल्यावर एक-दोन दिवस त्या ताणल्या जात असल्याने सूर उतरतच असतो. दांड्यावर तारेचे एकावर एक वेडेवाकडे वेढे पडले असतील तर तेही हळूहळू आवळत जातात, आणि प्रत्येक आवळण्यासरशी सूर उतरतो. जाड तारांना दोन, बारीक तारांना तीन वेढे, वरून खाली एकाशेजारी एक, एवढे पुरे. आमच्या पाहण्यात आलेल्या ‘बिघडलेल्या’ खुंट्यांपैकी पुष्कळशा नव्या तारा नीट गुंडाळताच सुधारल्या आहेत.

दुसरी शंका नटावर. नट म्हणजे माथा आणि दांडी यांच्या सांध्यावरची हाडाची वा प्लॅस्टिकची पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. खाच अरुंद असेल तर तार तीत अडकून बसते. कान फिरवला तरी सूर हलत नाही, आणि मग ‘टिक्’ असा बारीक आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो. अशा वेळी नट आणि खुंटी यांच्यामधल्या तारेवर बोटाने हलकेच दाब देऊन सोडावे. त्यासरशी सूर बदलून तसाच राहिला, तर अपराधी नट आहे. तार ढिली करून खाचेत शिसपेन्सिलीचे टोक दोन-चार वेळा फिरवले म्हणजे पुष्कळदा काम होते. खर्च काहीच नाही. तेवढ्याने न भागल्यास कारागिराकडून खाच किंचित रुंद करून घ्यावी.

तिसरी गोष्ट हवामान. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारी ते एप्रिल येथील हवा कोरडी असते आणि जूननंतर दमट होते. लाकूड कोरड्या हवेत आकसते, दमट हवेत फुगते, आणि त्याबरोबर सर्व तारांचा सूर एकाच दिशेने सरकतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा फेर अधिक जाणवेल. सहाही तारा मिळून चढल्या किंवा उतरल्या असतील तर खुंट्यांना दोष देऊ नये. एकच तार पुन्हा पुन्हा उतरत असेल तर मात्र तिची खुंटी तपासण्यास योग्य आहे.

आता खुंटी. प्रथम माथ्याच्या मागील बारीक स्क्रू आणि पुढील कडी घट्ट आहेत का ते पाहावे. कानाच्या टोकाला स्क्रू असल्यास तोही थोडा आवळून पाहावा. मग कान मागे-पुढे फिरवावा. अर्धा फेरा फिरवूनही सूर जागचा हलत नसेल, तर मळसूत्र व चक्र यांच्यात फट पडली आहे. थोडी फट प्रत्येक स्वस्त खुंटीत असते, आणि तिच्यावर उपाय वादकाच्या सवयीत आहे : सूर नेहमी खालून वर चढवीत आणावा. तार जास्त चढली तर तिला हव्या त्या सुराच्या खाली उतरवून पुन्हा वर आणावी. उतरवता उतरवता सूर लावला तर फट तशीच राहते व दोन झणकारांत तार खाली येते. हा एक नियम पाळल्याने किती गिटारी वाचतील याची गणती नाही.

दाते झिजून कान मध्येच मोकळा फिरत असेल, दांडा वाकला असेल, खुंटी गंजून दोन बोटांनी फिरत नसेल, किंवा फट इतकी असेल की सूर नेमका लागतच नाही, तर बदल करावाच लागेल. केवळ प्लॅस्टिकचा कान तुटला असेल तर आधी कारागिराकडे सुट्या कानाची विचारणा करावी. आणि आणखी एक : गिटारीच्या पोटावरील घोडीखाली कागदाचा कोपरा शिरतो का, हे तपासून पाहावे. शिरत असेल तर घोडी उचलली जात आहे. हाती असलेले पैसे प्रथम तिच्यावर खर्च करावेत.

येथवर आलेल्या वाचकाला खरोखरच नव्या खुंट्या हव्या आहेत असे समजू. आता जो सर्वसामान्य समज आहे, की नावाजलेल्या कंपनीच्या घेतल्या म्हणजे झाले, तो दूर ठेवावा लागेल. कमी पैशांत खुंट्या निवडताना पहिला प्रश्न ‘कोणाच्या?’ हा नसून ‘बसतील का?’ हा आहे. उत्तम खुंटी चुकीच्या मापाची असेल तर ती बसवण्यासाठी गिटारीचा माथा कोरावा लागतो, आणि कोरलेले लाकूड परत येत नाही. दुकानात जाताना म्हणूनच जुनी एक खुंटी काढून खिशात न्यावी. शक्य असल्यास मोजमापाचा व्हर्निअर कॅलिपरही. बंगळुरूच्या एस. पी. रोडवर तो मिळेल, अन्य गावी हत्यारांच्या कोणत्याही दुकानात.

प्रथम माथा पाहावा. नायलॉन तारांच्या गिटारीचा माथा चिरलेला असतो आणि तारा जाड, आडव्या रुळांवर गुंडाळल्या जातात. एका पाटीवर तीन-तीन रूळ असून त्यांच्या मध्यांतील अंतर बहुधा ३५ मिलिमीटर असते. या खुंट्या पोलादी तारांच्या भरीव माथ्याला चालत नाहीत, उलटही नाही. भरीव माथ्यावर बहुधा दोन्ही बाजूंस तीन-तीन खुंट्या असतात. क्वचित सहाही एका रांगेत. त्या सुट्या आहेत की तिन्ही एका पाटीवर जोडलेल्या आहेत, हे पाहावे. स्वस्त गिटारींवर पाटीच्या खुंट्या पुष्कळ आढळतात. पाटी असेल तर दोन दांड्यांच्या मध्यांतील अंतर दशांश मिलिमीटरपर्यंत मोजावे, कारण येथे सर्वत्र एकच माप चालत नाही आणि एक मिलिमीटरचा फरकसुद्धा तिसरा दांडा छिद्रात जाऊ देत नाही. हुबेहूब मापाची पाटी न मिळाल्यास सहा सुट्या खुंट्या घेणे हा चांगला मार्ग आहे. पाटीचे ठसे माथ्याच्या मागे दिसत राहतील, पण मागे कोण पाहतो?

नंतर छिद्राचा व्यास. येथेच बहुतेकांची फसगत होते. उघड्या दात्यांच्या जुन्या धर्तीच्या खुंटीचा दांडा सुमारे सव्वासहा मिलिमीटरचा असून माथ्याच्या पुढच्या बाजूने त्याभोवती एक दाबून बसवलेले कडे असते. लाकडातील छिद्र साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असते. बंद डबीच्या आधुनिक खुंटीला आटे असलेले कडे पुढून आवळावे लागते व तिला दहा मिलिमीटरचे छिद्र लागते. मोठ्या छिद्रात लहान खुंटी बसवायची असेल तर बाहेरून दहा मिलिमीटरची जोडकडी मिळतात आणि लाकडाला हात लावावा लागत नाही. लहान छिद्रात मोठी खुंटी बसवायची तर छिद्र वाढवावे लागते. ते रीमरने, हळूहळू, माथ्याच्या दोन्ही बाजूंनी करावयाचे काम आहे. घरातल्या ड्रिलने ते करू गेल्यास पातळ माथ्याच्या कपच्या उडतात. दोन छिद्रांमधून आरपार चीर गेलेला माथा आम्ही पाहिलेला आहे. दोन शे रुपये वाचवण्यासाठी गिटार घालवू नये. छिद्रे लहान असतील तर लहान दांड्याच्याच खुंट्या शोधाव्या.

मागच्या स्क्रूची जागाही पाहावी. काही खुंट्यांना एकच स्क्रू असतो, तो सरळ किंवा तिरकस, काहींना दोन. जुन्या छिद्रांवर नवे स्क्रू आले तर उत्तमच. न आले तर जुने छिद्र दातकोरणी आणि लाकडाचा डिंक यांनी बुजवून नवे पाडता येते. ही अडचण मोठी नव्हे. शेवटी माथ्याची जाडी : दांड्याचे तार ओवण्याचे भोक कड्याच्या वर मोकळे दिसले पाहिजे.

मापे जुळल्यावर उघड्या की बंद, हा प्रश्न येतो. उघड्या खुंट्या हलक्या व स्वस्त असतात आणि त्यांना वर्षातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब देता येतो. परंतु त्यांच्यात धूळ शिरते. बंद खुंट्यांत वंगण आधीच भरलेले असते, तेल लागत नाही. मात्र त्या जड असतात आणि सहा मिळून हलक्या गिटारीचा माथा खाली ओढतात. वसई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशात आम्ही बंद खुंटीच सुचवू. इतरत्र छिद्र ज्या प्रकारचे असेल तो प्रकार घ्यावा.

वेष्टनावर १४:१ किंवा १८:१ असे आकडे असतात. कानाचे चौदा फेरे केले म्हणजे दांडा एकदा फिरतो, असा त्याचा अर्थ. सव्वासहा मिलिमीटरच्या दांड्यावर, १४:१ असताना, कानाच्या पाव फेऱ्याने सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर तार ओढली जाते. १८:१ असताना पाव मिलिमीटरहून थोडी अधिक. म्हणजे १८:१ ने सूर नेमका लावणे सोपे जाते. पण नीट घडवलेली १४:१ ची खुंटी ही फटीच्या १८:१ पेक्षा निःसंशय चांगली. आकड्याला भुलू नये, कान फिरवून पाहावा. तो सर्वत्र सारख्या जोराने फिरला पाहिजे. मध्येच घट्ट, मध्येच सैल असा नव्हे. सहाही तपासाव्यात, कारण स्वस्त संचात एक खुंटी हमखास नाठाळ निघते, आणि दुकानदार समोर असेल तर ती तेथल्या तेथे बदलून मिळते. ज्या खुंट्यांना तार आवळून धरण्याचा वेगळा पेच असतो त्या महाग असतात आणि साध्या गिटारीला त्यांची गरज नाही.

किमतीविषयी. साध्या उघड्या खुंट्यांचा संच काही शे रुपयांत मिळतो, ठीकशा बंद खुंट्यांचा हजाराच्या मागेपुढे, आणि ग्रोव्हर, शालर, गोटो अशा परदेशी नावांचा काही हजारांत. शेवटच्या गटाच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. परंतु चार-पाच हजारांच्या गिटारीवर तीन हजारांच्या खुंट्या बसवणे आम्हांला पटत नाही. त्याच पैशांत नवा नट, दोन वेळच्या तारा आणि मधल्या किमतीच्या खुंट्या येतात, व गिटार अधिक सुरात राहते. आणि परदेशी नाव कोरलेला संच सहाशे रुपयांना कोणी देऊ लागला, तर ते नाव खोटे आहे असे समजावे. अशा नकली मालाचा बाजारात सुकाळ आहे. त्याच पैशांत नाव नसलेला माल घेणे बरे. त्यात निदान फसवणुकीला हातभार लागत नाही.

खरेदी कोठे करावी? बंगळुरूत वाद्यांची दुकाने पुष्कळ आहेत; १८६५ पासून मुंबईत असलेल्या फुर्टाडोज पेढीच्याही शाखा येथे आहेत. लहान गावातील वाचकांना घरबसल्या मागवण्यावाचून गत्यंतर नसते. त्यांनी ज्या मालाबरोबर मापांची आकृती दिलेली आहे तोच मागवावा, डाव्या तीन व उजव्या तीन अशी जोडणी आहे याची खात्री करावी, आणि परत घेण्याची सोय असल्याशिवाय पैसे भरू नयेत.

बसवण्याचे काम, छिद्र वाढवायचे नसेल तर, घरी तासाभरात होते. सर्व तारा हळूहळू सैल करून काढाव्या. प्रत्येक जुन्या खुंटीवर तिची जागा लिहून ठेवावी. डावी-उजवी अदलाबदल झाली तर कान उलट्या दिशेने फिरू लागतात. जुनी दाबकडी घट्ट असून नवा दांडा त्यांत नीट फिरत असेल तर ती तशीच राहू द्यावी. नवी कडी हातोडीने ठोकू नयेत. कठीण लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून शिकंज्याने दाबावीत. नव्या स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे आणि ड्रिलच्या टोकाला खोलीच्या मापाने चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर ते माथ्याच्या पुढून बाहेर येईल. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळावे. हे स्क्रू इतके नाजूक असतात की कोरड्या लाकडात जोर केल्यास त्यांचे डोके तुटून हातात येते. आट्याचे कडे असल्यास ते पान्याने बेताचेच आवळावे.

तारा चढवल्यावर पहिल्या आठवड्यात लाकूड थोडे दबते व कडी सैल होतात. म्हणून पुढच्या रविवारी उपासनेला निघण्यापूर्वी ती एकदा पुन्हा आवळावी, आणि जुन्या खुंट्यांतल्या चांगल्या दोन-तीन स्क्रूंसह गिटारीच्या पिशवीत टाकून ठेवाव्यात.